तोंडावरची बत्ती

यंदा पिंपळगावकडे जायचं नाही, असं नवसाबाईने दिवाळीपासून दहादा सांगून पाहिलं. नाशिकला जाऊ, भाजीच्या मळ्यात जाऊ, नाहीतर नागलीची भाकर खाऊन घरीच पडून राहू. गोटीरामने सगळं ऐकून घेतलं आणि मार्गशीर्ष सरता सरता तिलाच बोचकं बांधायला लावलं. कांदा काढायला वाल्मीकभाऊ दरसाल बोलावतो, राहायला पत्र्याची खोली देतो, सरपण देतो. आलेलं बोलावणं मोडलं तर लोक विचारतील, का मोडलं? त्या 'का'ला गोटीराम भीत होता. नवसाबाईही भीत होती, पण तिची भीती निराळी होती आणि ती तिने नवऱ्यालाही पुरती सांगितली नव्हती.

सुरगाण्याहून निघालेल्या जीपमध्ये चौदा माणसं होती. वणीला ती रिकामी झाली, तिथून दुसरी धरली, आणि दिवस मावळायच्या बेताला दोघं वाल्मीकच्या वस्तीवर पोचली. वस्ती म्हणजे दोनच घरं, समोरासमोर. एक वाल्मीकचं, सिमेंटचं. दुसरं त्याच्या चुलतीचं, अक्काबाईचं, कौलारू, बाजूला म्हशीचा गोठा. दोन्ही घरांच्या मधे मोठं खळं.

दरसाल नवसाबाई खळ्यात पाय टाकायची आणि अक्काबाई गोठ्यातूनच ओरडायची, "आली का गं माझी डोंगराची मैना?" मग पितळी भरून ताक यायचं. यंदा अक्काबाई ओट्यावर बसली होती. तिने मान वर करून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. नवसाबाईने लांबूनच हात जोडले. ते तिने पाहिले की नाही, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी पहाटे नवसाबाईला जाग आली ती उजेडाने. पत्र्याच्या भिंतीवरून पिवळा उजेड सरकत गेला, गेला म्हणेपर्यंत पुन्हा आला. गाडग्यांवरून, गोटीरामच्या तोंडावरून, तिच्या हातावरून. ती अंगावरची गोधडी फेकून उठून बसली.

"कोण आहा? कोण आहा तिकडं?"

"निज ना," गोटीराम म्हणाला. "भाऊनं ट्रॉलीला दिवा लावला आहा. फिरता. कारखान्यातल्या सुनीलभाऊनं आणला म्हने."

"बंद करायला सांग त्याला."

"मी कोण सांगणार?" गोटीराम कूस वळवून म्हणाला. "दिवा नव्हता तवा मानूस मेला. आता आहा, तर बंद करायला सांगू?"

नवसाबाईने गोधडी पुन्हा ओढून घेतली. ट्रॅक्टर धडधडत खळ्यातून बाहेर पडला, तसा तो पिवळा उजेडही पत्र्यावरून निघून गेला. पण डोळे मिटले तरी तिला तो फिरताना दिसत राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं होतं बाईचं.

गेल्या वर्षी गुजरातेत धरणीकंप झाला, त्याच्या बारा-तेरा दिवस आधीची गोष्ट. निफाडकडची थंडी माणसाला मेल्यासारखं करते, त्यात त्या पहाटे धुकं असं उतरलं होतं की ट्रॅक्टरवर बसलेल्याला ट्रॉलीचं मागचं टोक दिसत नव्हतं. लिलावात नंबर पुढे लागावा म्हणून वाल्मीक अंधारातच निघाला. ट्रॉलीला मागचा लाल दिवा एके काळी होता. तो फुटल्याला चार वर्षं झाली होती. दिव्याऐवजी वाल्मीक माणूस बसवायचा. माणूस दिव्यापेक्षा स्वस्त आणि फुटला तर दुसरा मिळतो. त्या दिवशी गोटीरामला ताप होता म्हणून तो पुढे, मडगार्डवर, कांबळं पांघरून बसला आणि मागे कांद्याच्या गोण्यांवर नवसाबाई बसली. वाल्मीकने तिच्या हातात तीन सेलांची बत्ती दिली.

"मागून गाडी आली का बत्ती दाखवायची. येवढंच काम," तो म्हणाला.

बत्ती दाखवायची म्हणजे कशी दाखवायची, हे कुणी सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात, बत्ती ती बत्ती. पण नवसाबाईच्या डोंगरात त्याची एक रीत आहे. रानातल्या वाटेने अंधारात समोरून माणूस आला की आधी बत्ती त्याच्या तोंडावर धरायची. तोही तुमच्या तोंडावर धरतो. ओळख पटली की नाव घेऊन हाक मारायची, मग बत्ती खाली करायची आणि दोन शब्द बोलून वाटेला लागायचं. पायाशी बत्ती मारत गपचूप निघून जाणारा एक चोर तरी असतो, नाहीतर त्याचे पाय तरी उलटे असतात. तोंडावर बत्ती धरणं हा तिथला रामराम आहे. नवसाबाई चार वर्षांची असल्यापासून हेच करत आली होती.

वस्ती सोडून मैलभर गेल्यावर मागून फटफट ऐकू आली. धुक्यात एक मिणमिणता दिवा हलत होता. नवसाबाईने आवाज ओळखला. अक्काबाईचा मुलगा चंदर एमएटी फटफटीवर दुधाची किटली बांधून रोज याच वेळेला पिंपळगावला जायचा. बिनलग्नाचा, अठ्ठावीस वर्षांचा, मोठ्या आवाजाचा पोरगा. नवसाबाईला 'मावशी' म्हणायचा. ती गोण्यांवर गुडघ्यांवर उभी राहिली, त्याला जवळ येऊ दिलं आणि अगदी दहा पावलांवर आल्यावर बत्ती पेटवून नेमकी त्याच्या तोंडावर धरली.

"कोण? चंदरभाऊ का?"

चंदरने एक हात डोळ्यांवर घेतला. गाडी उजवीकडे गेली, ट्रॉलीच्या बाजूने पुढे निघतेय असं वाटलं, आणि मग मोरीच्या दगडी कठड्यावर आदळल्याचा आवाज आला. किटली घरंगळत गेली. नवसाबाई ओरडली, पण ट्रॅक्टरच्या आवाजात कुणी ऐकेना. तिने चालत्या ट्रॉलीवरून उडी टाकली. बत्ती हातातून सुटून कुठे गेली ते कळलं नाही. दूध सांडलेल्या डांबरावरून ती अंधारात चाचपडत गेली आणि चंदरचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

चंदर जिवंत होता. त्याचा श्वास तिच्या तोंडावर येत होता. तो म्हणाला, "बत्ती काढ ना मावशे... काई दिसत नाय."

तिथे बत्ती नव्हती. कसलाच उजेड नव्हता.

वाल्मीक आणि गोटीराम पळत आले, तोवर सगळं संपलं होतं.

पुढे पोलीस आले, पंचनामा झाला. नवसाबाईला विचारलं, "ट्रॉलीवर बत्ती होती का?" ती म्हणाली, "व्हती." "गाडी आल्यावर दाखवली?" ती म्हणाली, "दाखवली." दोन्ही उत्तरं खरी होती. तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही आणि गोटीरामने मागून तिचा दंड असा दाबला होता की ती आपणहून बोलणार नव्हती. डोंगरातल्या माणसाला पोलिसांचा कागद म्हणजे वाघापेक्षा वाईट.

पण त्या दोन खऱ्या उत्तरांनी भलतंच केलं. गावाने हिशोब मांडला. रस्ता मोकळा, रोजचा. मागे एवढी झगझगीत बत्ती. ती बत्ती ज्याला दिसली नाही, तो शुद्धीत कसा असेल? चंदर आधी पीत होता, हे सगळ्यांना माहीत होतंच. दोन वर्षांपूर्वी सप्तशृंगीच्या गडावर नेऊन अक्काबाईने त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. तेव्हापासून त्याने थेंबाला शिवलं नव्हतं. गावाला मात्र सोडलेली दारू पुन्हा धरलेलीच आवडते. वाल्मीकनेच तर पहिल्यांदा बोलून टाकलं, "काय करनार? आमच्या ट्रॉलीला बत्ती व्हती. त्यानंच आण मोडली." आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही वाल्मीकची जुनी खोड. ट्रॉलीचा फुटका दिवा झाकायला त्याला मेलेला चुलतभाऊ पुरला.

आणि अक्काबाईने ते खरं मानलं.

आठ दिवस कांदा उपटण्यात, पात कापण्यात गेले. सकाळी दंवाने पात बर्फासारखी गार असायची. बोटं बधिर व्हायची, विळा बोटाला लागला तरी रक्त दिसल्यावरच कळायचं. दुपारी ऊन पाठीवर बसायचं. नवसाबाई ओळीत सगळ्यांच्या पुढे असायची. वाकून, मान न उचलता ती अशी काम करत होती की बाकीच्या बाया तिच्यावर चिडल्या. एकीने टोमणाही मारला, "काय गं, सगळा मळा आजच उरकून घरी जायचंय का?" त्या बाईला काय ठाऊक, नवसाबाईला खरंच तेच हवं होतं.

वाल्मीकची बायको लंकाबाई भाकरी घेऊन बांधावर आली की गप्पांना ऊत यायचा. एके दिवशी ती म्हणाली, "पौष वद्य पंचमी आली ना जवळ. चंदरभावजींचं वर्सश्राद्ध. पन अक्का ऐकंल तर शप्पथ."

"काय म्हनते?" एका बाईने विचारलं.

"म्हनते, ज्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटं केलं, त्याला पानी कसलं घालायचं? तेराव्यालाबी ती घराबाहेर नाय आली, आमच्या ह्यांनीच उरकलं. फोटो पन काढून टाकलाय. नाव घेऊ देत नाय कुनाला. देव्हाऱ्यापुढं बसून शिव्या देते पोराला, आता बोला! मेलेल्याला कुनी शिव्या देतं का?"

नवसाबाईच्या हातातला कांदा पातीसकट दुभंगला. तिच्या डोंगरात मेलेल्याला पाणी घातलं नाही तर तो घराच्या वाटेवर उभा राहतो असं म्हणतात. आत येता येत नाही, परत जाता येत नाही. गेलं वर्षभर तिला फटफट ऐकू येत होती. भात लावताना, नागली मळताना, पोरीला आश्रमशाळेत सोडायला जाताना. घाटातून जीप गेली तरी ती थांबून ऐकायची. तिला वाटायचं, हा आपल्या मागे आलाय. आता तिला कळलं की तो कुठे गेलाच नव्हता. तो इथेच, आपल्या आईच्या उंबऱ्याबाहेर उभा होता आणि आई त्याला आत घेत नव्हती.

त्याच दिवशी संध्याकाळी सुनील आला. सुनील हा वाल्मीकचा धाकटा भाऊ, ओझरच्या विमानाच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे घरात त्याचा शब्द म्हणजे शास्त्र. फिरता दिवा त्यानेच खटपट करून आणला होता. तो गोटीरामला खळ्यात बोलावून दिव्याची रीत शिकवायला लागला, कारण उद्यापासून वाल्मीकच्या बरोबर ट्रॅक्टरवर गोटीराम जाणार होता आणि दिव्याचं बटण त्याच्या हातात राहणार होतं. नवसाबाई शेजारी कांद्याच्या ढिगावर सुकी पात झाकत होती.

"हा दिवा मी पयल्यांदा मागच्या फळीला लावला व्हता," सुनील सांगत होता. "डोळ्यांच्या बरोबर समोर. नाक्यावर एका मोटारसायकलवाल्यानं वाल्मीकदादाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. म्हने, आंधळं करता का रे? बरोबर बोलला तो. म्हनून मंग मी हा पाइप उभा केला, दिवा वर नेला. खालून हे डब्याचं टोपन अर्धं झाकलं, म्हंजी जवळ आलेल्याच्या डोळ्यात सरळ जानार नाय. बल्बबी कमी पावरचा टाकला. लांबून दिसला पायजे, बास. समजलं का?"

"समजलं," गोटीराम म्हणाला.

"काय समजलं? सांग."

गोटीराम हसला. "रस्त्यावर असलो का चालू. खळ्यात, मार्केटात उभा राहिलो का बंद."

"आन मागचा अगदी जवळ आला तर? त्याला आपण दिसलो ना? मंग हातातली बत्ती घिऊन त्याच्या तोंडावर नाचवायची नाय. बत्ती दाखवायचीच झाली तर खाली, चाकाकडं. रस्त्यावर. तोंडावर कधीच नाय."

नवसाबाई उभी राहिली. पदर सारखा केला. तिने विचारलं, "भाऊ, तोंडावर धरली तर काय व्हतं?"

सुनीलने तिच्याकडे पाहिलं. डोंगरातली बाई यंत्राचं विचारते याचं त्याला कौतुक वाटलं असावं. "काय व्हतं? चार-पाच सेकंद मानूस ठार आंधळा व्हतो, मावशी. त्यात धुकं असलं तर विचारूच नको, समदं पांढरंफेक. चालत्या गाडीवर पाच सेकंद म्हंजी..." त्याने हात खळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. "येवढं तो डोळे झाकून जातो."

"दारू न पिता?"

"दारूचा काय संबंध?" सुनील म्हणाला.

गोटीराम तिच्याकडे बघत होता. त्याने मान हलवली, अगदी थोडी. बाई, गप.

रात्रीची चूल पेटवण्याआधीच तो बोलला. आवाज खाली ठेवून, पण एकेक शब्द दाबून. "तुला काय करायचं त्या पाच सेकंदांचं?"

"मी त्याच्या तोंडावर धरली व्हती."

"मला ठाव आहा."

नवसाबाई थांबली. "तुला ठाव आहा?"

"तू दुसरी कशी धरणार?" गोटीराम म्हणाला. "मीबी तशीच धरली असती. माझा बाप तशीच धरायचा. म्हनून काय सांगत सुटायचं? पोलिसांनी नेली तुला, तर पोरीला कोण बघंल? भाऊ उभा राहील तुझ्यासाठी? त्याच्या ट्रॉलीला दिवा नव्हता, तो पयला तुझ्याच गळ्यात बांधंल सगळं. मेला तो मेला."

"त्याला पानी नाय घालत ती."

"तिचा पोरगा. तिचं पानी."

गोटीरामचं काही चुकत नव्हतं. तो भला माणूस होता, आणि भल्या माणसांचं भय फार शहाणं असतं. नवसाबाईने पीठ मळलं, भाकरी थापल्या, त्याला वाढल्या. स्वतः जेवली नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी मळ्यातून लवकर सुट्टी झाली. दिवस अजून कासराभर वर होता. खळ्यात वाल्मीक, सुनील आणि आणखी दोघं ट्रॉली भरत होते. गोटीराम पाट्या उचलून देत होता. नवसाबाई हातपाय धुऊन सरळ अक्काबाईच्या गोठ्यात गेली. अक्काबाई म्हशीखाली बसली होती. मागच्या वर्षीपेक्षा ती अर्धी झाली होती, मनगटं काडीसारखी दिसत होती.

"अक्का, एक सांगायचं व्हतं."

"सांग." धारेचा आवाज थांबला नाही.

नवसाबाईने सांगितलं. जे झालं ते, जसं झालं तसं. वाल्मीकने बत्ती दिली, गाडी आली, आमच्याकडे ओळख अशी घेतात, मी तोंडावर धरली, त्याने हात डोळ्यांवर घेतला, उजवीकडे गेला. धार कधी थांबली ते तिला कळलं नाही. म्हैस मागे वळून बघत होती.

"तू त्याच्याजवळ गेली व्हती?" अक्काबाईने विचारलं.

"मांडीवर घेतलं व्हतं."

"तोंडाला वास येत व्हता?"

"नाय अक्का. माझा बाप पिऊन मेला. मला झोपेतबी वास कळतो. दुधाचा वास येत व्हता. आन गवती च्याचा."

अक्काबाईने म्हशीच्या पोटाला हात टेकला. मग म्हणाली, "च्या मीच केला व्हता. थंडी लय व्हती. चुलीपुढं उभ्या उभ्या पिला न गेला." तिने हात लुगड्याला पुसले. "काय बोलला का?"

नवसाबाईने तेही सांगितलं. बत्ती काढ म्हणाला. दिसत नाही म्हणाला.

अक्काबाई उठली. दुधाची चरवी तशीच म्हशीखाली राहिली. ती गोठ्यातून बाहेर पडली आणि खळं ओलांडून सरळ ट्रॉलीपाशी गेली. वर्षभरात ती खळ्याच्या त्या बाजूला गेली नव्हती, त्यामुळे भरणारे सगळे हातातलं टाकून उभे राहिले. नवसाबाई तिच्या मागे चार पावलांवर थांबली.

"वाल्मीक," अक्काबाई म्हणाली, "उद्या चंदरचं पानी घालायचं. बामनाला सांगावा धाड."

"बरं झालं अक्का," वाल्मीक म्हणाला. "आम्ही मागंच म्हनत व्हतो. झालं गेलं गंगेला मिळालं. कसा बी असला तरी आपलाच..."

"कसा बी म्हंजी? तो पिऊन नव्हता."

वाल्मीकने सुनीलकडे पाहिलं. भरणाऱ्या दोघांतला एकजण गालातल्या गालात हसला आणि त्याने मान फिरवली. लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात वाल्मीक म्हणाला, "बरं अक्का. नव्हता. तुला कुनी सांगितलं?"

अक्काबाईने मागे वळून नवसाबाईकडे पाहिलं. तिच्यापलीकडे पाटी धरून उभ्या असलेल्या गोटीरामकडेही पाहिलं. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. अक्काबाई पुन्हा वाल्मीककडे वळली.

"सपनात आला व्हता," ती म्हणाली.

"सपनात," वाल्मीक म्हणाला. "बरं बरं. सपनात आला म्हंजी पानीच मागत असंल. घालू उद्या." आणि तो पाटीकडे वाकला. हसणारा माणूस दुसऱ्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. अक्काबाई तिथेच उभी होती. म्हातारीच्या स्वप्नावर वाद घालत नाहीत, तसे सगळे कामाला लागले. उद्या पाणी पडणार होतं, बामण येणार होता, पण चंदर गावात दारुडाच राहणार होता. म्हातारीला माया आवरली नाही, एवढंच लोक म्हणणार होते.

नवसाबाईला तिथून निघून जाता आलं असतं. म्हातारीने तिला वाट करून दिली होती, तीही पदराखाली झाकून. गोटीराम डोळ्यांनी सांगत होता, चल.

"सपान नाय," नवसाबाई म्हणाली. आवाज चिरका निघाला म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "सपान नाय ते. मी सांगितलं अक्काला. बत्ती माझ्या हातात व्हती. मी त्याच्या डोळ्यात धरली, अगदी जवळ आल्यावर. त्याला दिसंना झालं म्हनून तो गेला. त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, मी मांडीवर घेतलं व्हतं."

खळ्यात ट्रॅक्टरचं इंजिन तेवढं चालू होतं. सुनीलने जाऊन ते बंद केलं. तो नवसाबाईकडे न बघता भावाकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी बत्ती कशी धरायची ते सांगितलं व्हतं का हिला?"

वाल्मीक काहीतरी बोलायला गेला. ट्रॉली, धुकं, डोंगरातली अडाणी माणसं, असे दोन-तीन शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडले आणि तिथेच थांबले. कांदे भरणारे पायाखालच्या पातीकडे बघत होते.

"ऐकलं का सगळ्यांनी?" अक्काबाई म्हणाली. "आता तू म्हन, वाल्मीक. पयल्यांदा तूच म्हनला व्हता, आता हेबी तूच म्हन."

"अक्का, मी काय..."

"म्हन."

वाल्मीकने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "चंदर पिऊन नव्हता," तो म्हणाला.

"मोठ्यांदी."

त्याने मोठ्याने म्हटलं. अक्काबाई ट्रॉलीच्या चाकाला धरून खाली बसली. लंकाबाई घरातून धावत आली, तिला अक्काबाईने हाताने लांब ठेवलं. नवसाबाई जवळ गेली, तिला मात्र तिने येऊ दिलं. नवसाबाई तिच्यासमोर उकिडवी बसली.

"वर्सभर मी त्याला शिव्या घातल्या," अक्काबाई म्हणाली. "उठता-बसता. देवापुढं बसून. नको नको ते बोलले गं. ते आता कुठं ठिवू मी?"

नवसाबाईने तिच्या पायाजवळची पात बाजूला सारली.

"एक निरोप धाडला असता. कुनासंगं बी."

"भ्याले अक्का."

"हां." अक्काबाईने तिच्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं. मग ती सावकाश म्हणाली, "तुला कुनी काय करनार नाय. कुनी कागद-पोलीस काढला, तर मी उभी हाय. पन तू जा बाई. उद्या नको थांबू. तुझं तोंड बघून माझ्यानं त्याला पानी नाय घालवनार."

"जाते, अक्का."

गोटीरामने पाटी खाली ठेवली आणि कुणाकडे न बघता खोलीत बोचकं बांधायला गेला. नवसाबाई उठली, म्हातारीच्या पायाला हात लावायला वाकली आणि न लावताच सरळ झाली. ती खोलीच्या दाराशी पोचली तरी तिला मागचं ऐकू येत होतं. अक्काबाईचा आवाज चढला होता. सणाच्या आदल्या दिवशी घरच्या बाईचा चढतो, तसा. ती लंकाबाईला सांगत होती, तांदूळ बारीक घे, जाडा त्याला चालत नाय. वड्यात मिरची कमी टाक. आन खीर आमच्याच म्हशीच्या दुधाची कर, चंदर दुसरं दूध तोंडात घेत नाय.